मागितलं म्हणून

जायच्या आधीचे दोनेक आठवडे आमच्या सौदीतल्या, तबूकच्या घरात रोज संध्याकाळी पाकीट मारायची रंगीत तालीम चालायची. नवरा पाठीला सॅक लावून हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचा, आणि आमची सोळा वर्षांची लेक मागून मांजरीसारखी येऊन सॅकची चेन उघडायला बघायची. पकडली गेली की तो खूश. नाही पकडली गेली की दुसऱ्या दिवशी सॅकला आणखी एक चिमुकलं कुलूप लागलेलं असायचं.

“पप्पा, वी आर गोइंग ऑन अ हॉलिडे,” लेक म्हणायची. “नॉट टू वॉर.”

“तुला माहीत नाही,” तो म्हणायचा. “तिकडे पापणी लवायच्या आत माणसाला साफ करतात.”

नवरा भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटचं नाव, ऑपरेशन डाव्या बाजूचं की उजव्या, कसली ॲलर्जी आहे का, हे सगळं स्वतःच्या तोंडाने पुन्हा विचारल्याशिवाय तो औषधाला हात लावत नाही. सर्जन घड्याळाकडे बघत उभे राहतात, चिडतात, हा ढिम्म. मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे त्याच्या या सवयीबद्दलची कुरकूर आधी माझ्याच कानावर येते. अशा माणसाने रोमच्या सहलीची तयारी कशी केली असेल, ते वेगळं सांगायला नको.

आणि तयारीची गरज होतीच. इथे राहून राहून आम्ही बिनधास्त झालोय. सुपरमार्केटमध्ये पर्स ट्रॉलीत ठेवून मी पलीकडच्या रांगेत धने शोधायला जाते. बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून, दूध आणायचं तर बाहेर गाडी चालूच, एसीही चालू. फूड कोर्टात टेबल अडवायला मोबाइल ठेवून तिघंही काउंटरला जाऊन उभे राहतो. माझी सांगलीची बहीण आली होती, ती हे बघून माझ्या अंगावर ओरडली होती. तेव्हा मी हसले होते.

तर नवऱ्याने आमच्याकडून सगळं पाठ करून घेतलं. मेट्रोत दाराजवळ उभं राहायचं नाही. गाडी सुटता सुटता हिसका मारून उतरतात. कोणी अंगावर काही सांडलं आणि पुसायला आलं, तर पुसू द्यायचं नाही. कोणी मनगटाला दोरा बांधायला लागलं, हात मागे. कागदावर सही मागणाऱ्या मुली आल्या तर थांबायचं नाही. खुर्चीच्या पाठीला पर्स लटकवायची नाही. त्याने स्वतःसाठी शर्टाच्या आत, बनियनच्याही आत बांधायची एक चपटी पिशवी मागवली. तिघांचे पासपोर्ट, त्याचं पाकीट, त्याचा इकामा, सगळं तिच्यात. पंधरा दिवसांत लेकीला त्या पिशवीपर्यंत एकदाही पोचता आलं नाही.

इकामा म्हणजे आमचा इथला राहण्याचा परवाना. हल्ली तो फोनमध्येही असतो, पण नवऱ्याला कार्ड लागतंच. शुक्रवारी आम्ही कधी समुद्रावर हक्लला जातो, तेव्हा वाटेत तपासणी नाका लागतो. नाका अजून लांब असतो, तेवढ्यात नवऱ्याचा उजवा हात आपोआप खिशाकडे जातो. खिडकीची काच खाली होईपर्यंत तिघांचे इकामे पत्त्यांसारखे त्याच्या हातात तयार. पोलीस बहुतेक वेळा बघतही नाही, यल्ला म्हणून पुढे जायची खूण करतो. मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की पाहिलंय असंही वाटत नाही.

रोममध्ये पहिले दोन दिवस झकास गेले. मेट्रोत एका बाईचा हात खरोखरच माझ्या पर्सवर आला. नवऱ्याने नुसतं तिच्याकडे रोखून पाहिलं, आणि ती पुढच्या स्टेशनला उतरून गेली. त्या दिवशी जेवताना तो इतका खुशीत होता, की लेकीला त्याने दोनदा आईस्क्रीम घेऊन दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक मोठं चर्च पाहून आम्ही त्याच्या मागच्या गल्लीतून निघालो. ऊन चढलं होतं. गल्लीत फारसं कोणी नव्हतं. एका बाल्कनीत चादरी वाळत घातल्या होत्या, खाली एक बंद दुकान. हातात नकाशा घेतलेला एक तरुण आमच्याकडे आला आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत स्टेशन कुठे म्हणून विचारायला लागला. नवरा लगेच हातभर मागे सरकला. सॅक पुढे घेतली. “सॉरी, नो,” म्हणाला. पाठ केल्याप्रमाणे सगळं बरोबर केलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, “पोलीस.”

दोघे होते. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, इस्त्रीचे शर्ट. त्यांच्यातल्या पांढऱ्या केसांच्या माणसाने एक काळं चामडी पाकीट उघडून आतला बिल्ला दाखवला आणि मिटलं. आवाज अजिबात चढवला नाही. “या माणसाने तुम्हाला काही विकायचा प्रयत्न केला?” नवरा म्हणाला, नाही. मग पांढऱ्या केसांचा तो माणूस त्या तरुणाकडे वळला. “पासपोर्ट. पाकीट.” तरुण घाबरलेला दिसला. त्याने मुकाट्याने दोन्ही काढून दिलं. पांढऱ्या केसांच्या माणसाने ड्रग्ज शोधत असल्यासारखा त्याच्या पाकिटाचा वास घेतला, नोटा चाळल्या, आणि मग हात आमच्याकडे केला.

“यू. पासपोर्ट.”

नवऱ्याने शर्टाची बटणं सोडली. भर रस्त्यात. बनियनच्या आत हात घालून पिशवी बाहेर ओढली आणि चेन उघडली. तीन पासपोर्ट, आणि त्यांच्यावर, मागितलेला नसताना, इकामा.

“हे काय?”

“इकामा, सर. सौदी रेसिडेन्स. आय ॲम अ डॉक्टर, सर. गव्हर्नमेंट हॉस्पिटल.”

आमच्या हॉस्पिटलच्या डायरेक्टरलाही तो सर म्हणत नाही. मला ते खटकलं, पण पुढचा विचार सुचायच्या आत माझं लक्ष माझ्याच हातांकडे गेलं. माझ्याकडे अजून कोणी पाहिलंही नव्हतं. माझ्या पर्सची चेन उघडी होती आणि माझा पासपोर्ट नवऱ्याकडे आहे हे विसरून मी आत तो शोधत होते.

“पप्पा,” लेक म्हणाली, “त्यांना सांगा, पोलीस स्टेशनला जाऊ या.”

“गप्प बस जरा.”

तो तिच्याशी असं कधी बोलत नाही. ती एकदम मागे झाली. सॅक पोटाशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली. दुसऱ्या माणसाने तिच्या सॅककडे बोट दाखवलं, तर तिने सरळ मान हलवली. नाही. तो किंचित हसला आणि त्याने तिचा नाद सोडला. मला त्या क्षणी काय वाटलं असेल? मला तिची भीती वाटली. ही पोरगी आता आम्हाला अडकवणार, असं वाटलं.

आता पांढऱ्या केसांच्या माणसाच्या हातात नवऱ्याचं पाकीट होतं. हेही नवऱ्यानेच दिलं होतं. खोट्या नोटा तपासायच्या आहेत म्हणे. त्याने नोटा चाळल्या. मग बँकेचं कार्ड वर करून विचारलं, “हे तुमचं?”

“येस सर.”

“पिन?”

आणि नवऱ्याने सांगितला. एकेक आकडा सुटा, स्पष्ट, ऑपरेशन थिएटरमध्ये नर्सला डोस सांगतो तसा. ते आमच्या लेकीच्या जन्माचं साल होतं. गल्लीत ते चार आकडे उच्चारले गेले आणि मी, त्याची बायको, शेजारी उभी राहून मान डोलावली. कार्ड आमचंच आहे, याला दुजोरा म्हणून.

त्या माणसाने पासपोर्ट नीट एकावर एक ठेवून परत दिले. पाकीट मिटून परत दिलं. “सांभाळून राहा,” तो म्हणाला, “इथे चोर फार आहेत.”

“थँक्यू सर,” नवरा म्हणाला. “थँक्यू व्हेरी मच.”

ते त्या तरुणाला दंडाला धरून घेऊन गेले. कोपऱ्यावर वळले. नवऱ्याने शर्टाची बटणं लावली, सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे वळून, खरंच सांगते, समाधानाने म्हणाला, “बघितलंस? कागदपत्रं नीट असली की कुठेही काही होत नाही.”

“पप्पा, वॉलेट उघडा,” लेक म्हणाली.

“कशाला?”

तिने ते त्याच्या हातातून हिसकावून घेतलं. आत एकही नोट नव्हती. कार्डाच्या खणात त्याच्या आईचा जुना पासपोर्ट साइज फोटो होता, बाकी रिकामं. तो रिकामा खण बघत असतानाच त्याचा फोन वाजला. बँकेचा मेसेज. पैसे काढल्याचा. त्याने तो वाचला, फोन खाली धरला, पुन्हा वर करून वाचला. तेवढ्यात दुसरा आला.

मी नवऱ्याला हॉस्पिटलमध्ये, मध्येच हृदय बंद पडलेल्या पेशंटच्या उशाशी उभं पाहिलेलं आहे. तेव्हा त्याचे हात स्थिर असतात. आता त्याला फोनचं लॉक उघडता येईना. लेकीने फोन घेतला, बँकेचं ॲप उघडलं आणि कार्ड बंद केलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी एक कारंजं होतं. त्याच्या पायरीवर आम्ही बसलो. नवरा म्हणाला, “पण त्यांच्याकडे बिल्ला होता.” थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याचा शर्ट घामाने चिंब भिजला होता.

“दे डिडन्ट स्टील इट, पप्पा,” लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. “यू गेव्ह इट.”

  समोर एक कुटुंब कारंज्याकडे पाठ करून फोटो काढत होतं आणि त्यांची सगळ्यांची पाकिटं मागच्या खिशात अर्धी बाहेर आलेली मला दिसत होती.

खऱ्या पोलीस स्टेशनात आमच्यासमोर एक बाई होती. चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, कॉफी गार होऊन गेलेली. तिने सगळं इंग्रजीत विचारून टाइप करायला घेतलं. वर्णन झालं, जागा झाली, वेळ झाली. मग तिने विचारलं, “पाकीट त्यांनी खेचून घेतलं?”

“नाही. मी दिलं.”

“धमकावलं? काही हत्यार होतं?”

“नाही.”

“मग का दिलं?”

“त्यांनी मागितलं.”

“आणि पिन?”

“विचारला.”

तिची बोटं थांबली. ती आधी नवऱ्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात हसणं नव्हतं, आणि ते मला जास्त लागलं. तिने खुर्ची जरा पुढे ओढली आणि हळू, सोप्या शब्दांत समजावलं. तो नकाशावाला त्यांचाच साथीदार. इथे पोलीस पासपोर्ट बघायला मागू शकतात. पाकिटाशी पोलिसांचं काही काम नसतं. रस्त्यात उभं राहून नोटा कोणी तपासत नाही. पिन तर कोणी, कधीच विचारत नाही. शंका आली की म्हणायचं, चला स्टेशनला. नाहीतर सरळ जवळच्या दुकानात शिरायचं आणि तिथून फोन करायला लावायचं. खरा पोलीस असेल तर तो रागावणार नाही. खोटा असेल तर निघून जाईल.

“तुमच्यापैकी कोणालाच शंका आली नाही?” तिने विचारलं.

लेक खिडकीबाहेर बघत होती. तिने एक शब्द काढला नाही. अजूनही त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

मग नवऱ्याने पिशवी पुन्हा चाचपली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. इकामा नव्हता. त्या माणसाने पासपोर्ट परत देताना तो स्वतःकडेच ठेवला होता, किंवा कुठे पडला होता. पैशांबद्दल इतका वेळ थंड बोलणारा नवरा उठून उभा राहिला. ती बाई विचारत राहिली, हे काय असतं, किती महत्त्वाचं असतं, आणि त्याला सांगता येईना. तिला एकेक अक्षर स्पेलिंग करून सांगताना त्याचा आवाज फाटला. बाहेर आल्यावर त्याने तबूकला हॉस्पिटलच्या ऑफिसात फोन लावला. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, काही हरकत नाही डॉक्टर, फोनमध्ये आहे ना, आल्यावर नवीन कार्ड करू, खलास. फोन ठेवल्यावर नवरा फुटपाथवरच खाली बसला.

उरलेले दिवस लेकीने आम्हाला फिरवलं. नवऱ्याने पासपोर्ट तिच्या हातात दिले, “तूच ठेव,” म्हणाला. मेट्रोत तो दाराजवळच उभा राहायचा. कोणी फूल पुढे केलं तर घ्यायचा आणि मग ते कसं परत द्यायचं हे न कळून तसाच उभा राहायचा. शेवटी लेक येऊन ते परत करायची.

निघायच्या आदल्या दिवशी नाश्त्याच्या वेळी लेक वर आवरत होती, तेव्हा मी त्याला विचारलं, “तू त्यांना सर का म्हणत होतास?”

“मी?” तो म्हणाला. “मी नाही सर म्हणालो.”

“अरे, चार-पाच वेळा म्हणालास. थँक्यूसुद्धा म्हणालास.”

त्याने पाव खाली ठेवला. त्याला खरंच आठवत नव्हतं. तो खोटं बोलतोय का हे मला लगेच कळतं. या वेळी तो खोटं बोलत नव्हता. “नाही गं,” तो म्हणाला, “मी कशाला चोरांना थँक्यू म्हणेन?” त्याच्या तोंडाकडे बघून मी विषय सोडला. मला त्या गल्लीत बसला नव्हता असा धक्का तिथे, त्या टेबलाशी बसला.

परत आल्यावर हॉस्पिटलमध्ये, शेजारी, मराठी मंडळींच्या जेवणात सगळे विचारायचे. तो सांगायचा, “मेट्रोत मारलं. तुफान गर्दी. इतके सफाईदार असतात, कळलंच नाही.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला घास हातातच राहिला. लोक माना डोलवायचे, आपापल्या ओळखीतली उदाहरणं सांगायचे. हळूहळू त्या गोष्टीत तपशील भरत गेला. मेट्रोतला एक उंच माणूस आला, त्याचा धक्का आला. लेक अशा वेळी उठून आत निघून जायची. पाकीट मारलं जाण्यात कमीपणा नाही, हे मला समजत होतं. तरी घरी आल्यावर आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता बुटांचे बंद सोडायचो.

मग एका शुक्रवारी आम्ही किराणा घ्यायला गेलो. आमचा दुकानदार रत्नागिरीकडचा आहे, आमच्याहून जुना इथे. त्याच्याकडे कोकम मिळतं, कुळथाचं पीठ मिळतं, म्हणून आम्ही शहराच्या त्या टोकाला जातो. तो हिशेब करता करता म्हणाला, “डॉक्टर, तिकडे तुमचं पाकीट मारलं म्हणे?”

नवऱ्याच्या हातात कोकमाची पिशवी होती. तो बराच वेळ ती उलटीसुलटी करत राहिला.

“नाही चाचा,” तो म्हणाला. “मारलं नाही. मीच दिलं.”

आणि त्याने सगळं सांगितलं. बटणं सोडल्याचं, इकामा न मागता दिल्याचं, पिनचं. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्याने आवाज खाली केला नाही. “बायको म्हणते मी त्यांना सर म्हणत होतो,” तो म्हणाला. “मला आठवत नाही. पण म्हणालो असणार.”

“वर्दी होती?” चाचाने विचारलं.

“नव्हती.”

“मग?”

“आवाज होता,” नवरा म्हणाला. “तसा आवाज होता.”

मला वाटलं चाचा आता हसणार, किंवा अल्लाची मेहेरबानी, जिवावर बेतलं नाही, असं काहीतरी म्हणणार. तो आमच्या पिशवीत सामान भरत राहिला. पिठाचं पाकीट, साबण, कोकम. “मीही दिलं असतं,” तो म्हणाला. “बटणंही सोडली असती.” पुढे म्हणाला, “आमच्या पोरांना नाही कळायचं हे.” मग त्याने मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं.

गाडीत लेक मागे बसली होती. तिने पुढे वाकून पप्पाच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि घरापर्यंत तशीच राहिली. त्यानंतर मेट्रोची गोष्ट आमच्या घरात पुन्हा कोणी सांगितली नाही. नवीन कार्डही आलं. सगळं मार्गी लागलं असं मी बहिणीला फोनवर सांगून टाकलं.

गेल्याच आठवड्यात मी दुपारी एकटी घरी होते. बेल वाजली. दारात एक माणूस, हातात टॅब. इमारतीतल्या लोकांची माहिती घेतोय, असं काहीसं अरबी-इंग्रजी मिसळून म्हणाला. नाव, किती माणसं, इकामा नंबर. मी नंबर सांगितला. माझा सांगितला, नवऱ्याचा सांगितला, लेकीचाही, तिन्ही तोंडपाठ. “शुक्रन,” म्हणून तो वरच्या मजल्यावर गेला. पायऱ्यांवर त्याच्या चपलांचा आवाज येत होता, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो कोण, कुठल्या ऑफिसातून आला, हे मी विचारलंच नव्हतं.

खाली जाऊन वॉचमनला विचारलं, तर माणूस खरा होता, इंटरनेटच्या नव्या लाइनसाठी आला होता. काही झालं नाही. पण मी वर आले, दार लावलं, कडी घातली, आणि कितीतरी वेळ दाराला पाठ लावून उभी राहिले.  मी विचारायचं विसरले, असंही नाही. त्याने मागणं आणि मी सांगणं यांच्यामध्ये ते सुचायला जागाच झाली नव्हती.